पेट्रोलचा वास येतोय पण गळती दिसत नाही? गाडीची व्हेपर लाइन घरी अशी तपासा

मे महिन्यात नाशिकहून दाजींचा फोन आला. म्हणाले गाडीत पेट्रोलचा वास मारतो, रात्रभर उभी असली की सकाळी दार उघडल्या उघडल्या भपकाराच येतो, आणि टाकी फुल केली की पंपावरच गाडी सेल्फ घेत नाही, पाच-सहा वेळा मारावा लागतो. दोन गॅरेज फिरून झाली होती, प्लग बदलले, इंजेक्टर क्लिनिंग केलं, खालून सगळं कोरडं, पीयूसी पण पास, त्यामुळे सगळे म्हणाले काही नाही हो साहेब, उन्हाळ्यात येतो असा वास. मी पहिला प्रश्न विचारला, "दाजी, पंपावर ऑटोकट झाला की थांबता का अजून भरता?" तर म्हणाले, "अरे राउंड फिगर करतो ना, सगळेच करतात."

तिथेच निम्मं उत्तर होतं. बाकीचं निम्मं मी नाशिकला जाऊन एका सकाळी शोधलं आणि तेच नीट लिहितोय, कारण हा प्रॉब्लेम खूप गाड्यांना असतो आणि लोक भलत्याच पार्टवर पैसे घालतात.

आधी थोडं समजून घ्या टाकीत काय होतं ते. पेट्रोलची वाफ सतत होत असते, गाडी बंद असली तरी होते, उन्हात जास्त होते. ती वाफ हवेत सोडायची नाही म्हणून टाकीपासून एक पाइप निघतो तो कोळशाच्या डब्यात जातो, ह्याला कॅनिस्टर म्हणतात. आतला कोळसा पाण्याच्या फिल्टरमध्ये असतो तसा ॲक्टिव्हेटेड, तो वाफ धरून ठेवतो. मग इंजिन गरम झालं की ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, एक छोटा व्हॉल्व्ह उघडतो, पर्ज व्हॉल्व्ह, आणि इंजिन स्वतःच्या व्हॅक्युमने ती वाफ ओढून जाळून टाकतं. कॅनिस्टरला तिसरं एक तोंड असतं, ते बाहेरच्या हवेला उघडं, तिथून ताजी हवा आत येते. म्हणजे तीन तोंडं: एक टाकीकडे, एक इंजिनकडे, एक हवेकडे. हे तीन लक्षात ठेवा, पुढची सगळी तपासणी ह्याच्यावरच आहे.

आता एक गोष्ट जी बहुतेकांना माहीत नसते. अमेरिकेतल्या गाड्या ही सिस्टीम स्वतःच तपासतात, अर्ध्या मिलिमीटरएवढं भोक असलं तरी चेक इंजिन लाइट लावतात. आपल्याकडचे ओबीडीचे, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड स्वतः ओळखायचे, नियम युरोपच्या धर्तीवर आहेत, त्यात पर्ज व्हॉल्व्हची वायर तुटली की शॉर्ट झाली एवढंच बघणं बंधनकारक आहे, पाइपला चीर गेलीय का हे गाडीने बघायलाच पाहिजे असं नाही. त्यामुळे आपल्या बहुतेक गाड्यांमध्ये वाफ रात्रभर गळत राहिली तरी मीटरवर काहीही येत नाही. आणि पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी घालतो, टाकीकडे बघतही नाही, म्हणून पीयूसी पास असण्याचा आणि ह्याचा काही संबंध नाही. ही गळती तुम्हालाच शोधायला लागते, नाकाने आणि हाताने.

काम सुरू करायच्या आधी हे वाचाच

ह्या भागात मी अजिबात तडजोड करत नाही आणि तुम्हीही करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती वर उडून जात नाही, जमिनीवर पसरते, खड्ड्यात आणि बेसमेंटमध्ये साचते. हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ मिसळली की ठिणगीवर पेट घेते. म्हणून बेसमेंट पार्किंगमध्ये किंवा शटर लावलेल्या गॅरेजमध्ये हे करायचं नाही, गाडी मोकळ्यावर काढा, सावलीत, सकाळी लवकर, इंजिन रात्रभर गार झालेलं असताना. सिगरेट-बिडी तर नाहीच पण शेजारी ओट्यावर उदबत्ती लावलेली असेल तर तीही बघा, लोक ती विसरतात. उजेडाला एलईडी टॉर्च, वायरवाला बल्ब नको. बॅटरीचं मायनस टर्मिनल काढून ठेवा (इंजिन चालू करून करायची एकच टेस्ट आहे, ती पुढे येईल). पावडरचं फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा, नसेल तर निदान दोन बादल्या कोरडी वाळू, पेट्रोलच्या आगीवर पाणी मारायचं नसतं. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर कधीच नाही, स्टँड लावून.

तीन गोष्टी करायच्याच नाहीत. एक, पंक्चरवाल्याच्या किंवा वॉशिंग सेंटरच्या कॉम्प्रेसरची हवा ह्या लाइनमध्ये सोडायची नाही, ही सिस्टीम अर्ध्या पीएसआयवर (टायरची हवा मोजतात तेच माप) तपासतात आणि कॉम्प्रेसरमध्ये शंभरच्या वर असतं, टाकी फुगते, व्हॉल्व्ह जातात. दोन, व्हिडिओ बघून डब्यात ग्लो प्लग आणि तेल घालून घरी बनवलेलं धूर मशीन टाकीला जोडायचं नाही, तुम्ही तापलेली तार आणि पेट्रोलची वाफ एकाच पाइपने जोडताय हे लक्षात घ्या. तीन, थेंब थेंब पेट्रोल गळताना दिसलं, टाकीखाली किंवा इंजिनवर ओलं दिसलं, तर ही व्हेपरची गोष्ट नाही, ती फ्युएल लाइन आहे, गाडी चालू करू नका, टो करून न्या.

आणि ज्यांची सीएनजी गाडी आहे त्यांनी आधी वास ओळखा. गॅसला मुद्दाम घातलेला सडका वास असतो, घरच्या सिलिंडरसारखा, पेट्रोलचा वास वेगळा असतो. गॅसचा वास असेल तर सिलिंडरचा नॉब बंद करा, काचा उघडा आणि ऑथराइज्ड माणसाकडे जा, खालचं काहीच तुमच्यासाठी नाही. हायब्रिड असेल तरी काही मॉडेलला टाकी बंद प्रेशरची असते, ती घरी उघडू नका.

वास कधी येतो, कुठे येतो

दोन दिवस फक्त लक्ष ठेवा आणि कुठेतरी लिहून ठेवा. पुढच्या सगळ्या मेहनतीपेक्षा ह्याने जास्त कळतं.

रात्रभर उभी राहिल्यावर मागच्या बाजूला वास, म्हणजे टाकी, तिचं झाकण, भरायचा पाइप किंवा टाकी ते कॅनिस्टरमधला पाइप. वास गाडीच्या आत, मागच्या सीटवर बसणाऱ्याला जास्त, तर पंपाचं झाकण बघा, बऱ्याच गाड्यांमध्ये मागची सीट उचलली की खाली एक पत्र्याचं किंवा रबरी कव्हर असतं आणि त्याखाली फ्युएल पंपाची मोठी रिंग असते. कुणी कधी पंप काढून बसवला असेल आणि जुनाच ओरिंग (सील करणारी रबरी रिंग) परत टाकला असेल तर हमखास तिथूनच येतो. बॉनेट उघडल्यावर वास, तर पर्ज व्हॉल्व्ह किंवा त्याचा पाइप, पण इथे इंजेक्टरची रेल पण असते, म्हणून आधी ओलं आहे का ते बघायचं. फक्त टाकी फुल केल्यावर सेल्फ घेत नाही, तर पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलाय किंवा कॅनिस्टरमध्ये पेट्रोल गेलंय. आणि पंपावर नोझल सारखं सारखं टक टक बंद होतं, लिटरभर पण एका दमात जात नाही, तर उलटं आहे, हवेचं तोंड चोंदलंय आणि टाकीतली हवा बाहेर पडत नाहीये.

दाजींचं पहिलं आणि चौथं, दोन्ही होतं.

झाकण

सगळ्यात स्वस्त वस्तू आणि सगळ्यात जास्त वेळा दोषी, तरी लोक हिच्याकडे शेवटी येतात. झाकण काढा, आतली रबरी रिंग बोटाने फिरवून बघा, कडक झालीय का, नखाने दाबल्यावर परत वर येते का, कुठे चपटी झालीय का. रिंग थोडी वाकवली की बारीक चिरा दिसतात, सरळ असताना दिसत नाहीत. मग टाकीच्या तोंडाची कडा बघा जिथे रिंग बसते, तिथे गंज असेल तर नवीन झाकण पण सील होणार नाही, मुंबई, रत्नागिरी, गोवा अशा खाऱ्या हवेतल्या गाड्यांना हे होतंच. स्वच्छ कोरड्या कापडाने पुसा, ग्रीस लावू नका. झाकण फिरवल्यावर टक टक वाजायला हवं, न वाजता नुसतं फिरत असेल तर बदला. बाहेरचं लोकल झाकण घेऊ नका, झाकणात एक छोटा व्हॉल्व्ह असतो जो टाकीत व्हॅक्युम झाला तर हवा आत घेतो, लोकलमध्ये तो नसतो किंवा नावाला असतो.

उघडताना थोडा फुस्स आवाज येणं, विशेषतः उन्हातून आल्यावर, नॉर्मल आहे, त्याला घाबरू नका. पाच-दहा सेकंद येत राहिला तर हवेचं तोंड बघायला लागेल.

पाइप बघायचे नसतात, दाबायचे असतात

बॉनेटमध्ये पर्ज व्हॉल्व्ह शोधा. मनगटाच्या घड्याळापेक्षा थोडा मोठा प्लॅस्टिकचा तुकडा असतो, एका बाजूने पाइप इंटेक मॅनिफोल्डला जातो, दुसऱ्या बाजूने मागे कॅनिस्टरकडे, आणि दोन वायरचा कपलर. कॅनिस्टर काही गाड्यांमध्ये इंजिनजवळच असतो, बऱ्याच गाड्यांमध्ये मागे टाकीशेजारी. पाइप सुरुवातीपासून शेवटपर्यंत हाताने चाचपत जा. रबर मऊ असलं पाहिजे, दाबल्यावर करकर वाजलं तर वाळलंय. क्लिपच्या लगेच पुढे आणि जिथे पाइप वळतो तिथे जास्त लक्ष द्या, चीर तिथेच जाते आणि ती बहुतेक खालच्या बाजूला असते, वरून पाइप नवा दिसतो. प्लॅस्टिकच्या कडक पाइपला क्विक कनेक्टर असतात, ते हलकेच ओढून बघा, टक करून बसलेले नसतील तर हातात येतात. उंदराचे दात ओळखायला सोपे, दोन-दोन समांतर खाचा आणि खाली रबराचा भुगा. सोसायटीत कचऱ्याच्या खोलीजवळ गाडी लावत असाल तर हे बघाच.

जुन्या गाड्या, म्हणजे २०२३ च्या आधीच्या, त्यातल्या बऱ्याच ई२० धरून बनवलेल्या नाहीत. आता पंपावर सगळीकडे वीस टक्के इथेनॉलवालंच पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल काही प्रकारच्या रबराला फुगवतं नाहीतर वाळवतं. घाबरवत नाहीये, पण दहा वर्षांची गाडी असेल तर वर्षातून एकदा हे पाइप हाताने दाबून बघायला काय हरकत आहे, दहा मिनिटांचं काम आहे.

पर्ज व्हॉल्व्ह

इंजिन चालू करून करायची एकच टेस्ट ती हीच. बॅटरी जोडा, गार इंजिन सुरू करा, आयडलवर. व्हॉल्व्हचा कॅनिस्टरकडचा पाइप काढा, काढलेल्या पाइपच्या टोकात लगेच बूच घाला आणि ते इंजिनपासून लांब ठेवा, कारण त्यातून वाफ येऊ शकते. आता व्हॉल्व्हच्या मोकळ्या निपलवर बोट ठेवा. गार इंजिनवर ओढलं नाही पाहिजे. बोट चिकटलं, आणि बोट ठेवल्यावर आयडल सुधारला, तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय, झालं निदान. इंजिन गरम झाल्यावर आरपीएम वाढवला की मग टिक टिक करत ओढ लागली पाहिजे, ते बरोबर आहे.

खात्री करायची तर इंजिन बंद करून, बॅटरी परत काढून, व्हॉल्व्ह बाहेर काढा. करंट नसताना त्यातून हवा आरपार जायला नको. तोंडाने फुंकू नका, आत पेट्रोल असतं, पुढे सांगतो तो रबरी फुगा वापरा. मल्टिमीटर असेल तर दोन पिनांमध्ये रेझिस्टन्स बघा, बहुतेक गाड्यांत वीस-तीस ओहमच्या आसपास येतो, थोडं इकडे तिकडे चालतं, पण शून्य किंवा ओपन आला तर कॉइल गेली. बारा व्होल्ट देऊन खटका वाजतो का बघायचं असेल तर ते गाडीपासून लांब टेबलावर बघा, ठिणगी पडते.

आणि आता हे नीट करा. व्हॉल्व्ह उलटा धरून पांढऱ्या कागदावर आपटा. दाजींच्या व्हॉल्व्हमधून काळे दाणे पडले, मोहरीपेक्षा लहान, बोटाने चिरडले की काळी पूड झाली. तो कॅनिस्टरमधला कोळसा. असा कोळसा दिसला तर नुसता व्हॉल्व्ह बदलून उपयोग नाही, कॅनिस्टर आतून फुटलाय, नवीन व्हॉल्व्ह महिन्याभरात परत अडकेल. दोन्ही बदला आणि मधला पाइप साफ करा.

कॅनिस्टर कसा मरतो ते पण इथेच सांगतो. नोझल बंद होतं तेव्हा टाकीत वर थोडी जागा मुद्दाम ठेवलेली असते वाफेसाठी. राउंड फिगर करायला अजून अर्धा-पाऊण लिटर दाबून भरलं की ती जागा जाते आणि पेट्रोल वाफेच्या पाइपमधून सरळ कोळशावर जातं. कोळसा वाफेसाठी आहे, ओल्या पेट्रोलसाठी नाही. तो भिजला की वाफ धरत नाही, आणि पर्ज उघडला की इंजिनला एकदम जास्त पेट्रोल जातं, म्हणून सेल्फ घेत नाही. कॅनिस्टर काढून हलवा, आत पाण्यासारखं डुचमळलं किंवा हाताला खूप जड लागलं तर तो गेला, उन्हात वाळवून तो पहिल्यासारखा होत नाही, आणि उन्हात ठेवणं धोक्याचं पण आहे.

हवेच्या तोंडात टॉर्च मारा. पावसाळ्यानंतर चिखल असतो, आणि कुंभारमाशी तिथे मातीचं घर करते, मी दोन गाड्यांत बघितलंय, अगदी गोल, पाइपच्या मापाचं. पातळ तारेने हलकेच काढा, आत ढकलू नका.

लेव्हल पाइपची टेस्ट

डोळ्यांनी सापडलं नाही तर हे करा. गॅरेजमध्ये ह्यासाठी महागडं मशीन असतं, पण प्रेशर इतकं कमी लागतं की ते पाण्याने मोजता येतं. गवंडी लेव्हल काढायला जी पारदर्शक नळी वापरतात ती दीड-दोन मीटर घ्या, एका फळीवर इंग्रजी यू सारखी बांधा, दोन्ही बाजू पन्नास सेंटिमीटर उंच ठेवा, शेजारी मोजपट्टी चिकटवा. दोन्ही बाजूंना वीस-वीस सेंटिमीटर येईल एवढं पाणी भरा, पाण्यात कपड्यांच्या निळीचे दोन थेंब टाका म्हणजे नीट दिसतं. दोन बाजूंच्या पाण्यातला फरक म्हणजे प्रेशर. पस्तीस सेंटिमीटर फरक म्हणजे अर्धा पीएसआय. आपण पंचवीसवरच थांबायचंय. आणि वीस-वीसच का भरायचं तर चुकून जास्त हवा मारली तर चाळीसच्या पुढे हवा पाण्यातून बुडबुडे काढत निघून जाते, सिस्टीमवर ताण येतच नाही. हा आपोआप सेफ्टी व्हॉल्व्ह झाला, म्हणून पाणी जास्त भरू नका.

हवा भरायला ब्लड प्रेशरच्या जुन्या मशीनचा रबरी फुगा घ्या, त्याला एकतर्फी व्हॉल्व्ह असतो आणि सोडायचा स्क्रू पण. एक टी जॉइंट घ्या, एका तोंडाला फुगा, दुसऱ्याला पाण्याची नळी, तिसऱ्याला गाडी. मापं जुळवायला हार्डवेअरच्या दुकानात खाचेची निपलं मिळतात. गाडीला जोडायच्या आधी तिसरं तोंड अंगठ्याने दाबून फुगा मारा आणि दोन मिनिटं बघा. इथेच पाणी उतरलं तर तुमची जोडणीच गळतेय, ती आधी नीट करा नाहीतर अख्खा दिवस गाडीत भोक शोधाल.

टाकीत पेट्रोल अर्ध्याच्या आसपास असू द्या. अगदी रिकामी असेल तर हवा भरता भरता हात दुखतात, भरलेली असेल तर पेट्रोल पाइपात येतं. बॅटरी काढलेली. झाकण घट्ट. कॅनिस्टरच्या हवेच्या तोंडाला रबरी बूच मारा. पर्ज व्हॉल्व्हवरून काढलेल्या पाइपला टी चं तिसरं तोंड जोडा. आता हळूहळू फुगा दाबा, वीस-पंचवीस वेळा किंवा अजून जास्त लागेल कारण टाकी मोठी आहे. फरक पंचवीस सेंटिमीटर झाला की थांबा, फुग्याकडचा पाइप चिमट्याने दाबून बंद करा, आणि बघत राहा.

पाच मिनिटं पाणी तिथेच, फार तर सेंटिमीटरभर हललं, तर सिस्टीम टाइट आहे. पंधरा-वीस सेकंदात पाणी समान झालं तर मोठी गळती, कुठलातरी पाइप सुटलाय किंवा झाकण. हळूहळू उतरत गेलं तर बारीक चीर. आणि कधी कधी पाणी आपोआप वर चढतं, तेव्हा गाडीवर ऊन आलंय आणि टाकीत वाफ वाढतेय, टेस्ट बाद, सावलीत परत करा. म्हणूनच सकाळची वेळ सांगितली.

हवा भरायला लागलात आणि एकदोन दाबातच पंचवीस झालं तर खूश होऊ नका. काही गाड्यांत मध्ये वनवे किंवा टू-वे व्हॉल्व्ह असतो, हवा टाकीपर्यंत गेलेलीच नसते. म्हणून तुकडे पाडून तपासा. आधी कॅनिस्टरचा टाकीकडचा पाइप काढून, टी त्या पाइपला जोडून, नुसती टाकी. मग नुसता पुढचा लांब पाइप, दुसरं टोक बूच मारून. मग कॅनिस्टर एकटा.

दाजींच्या गाडीत अख्खी सिस्टीम पंधरा सेकंदात खाली आली. पुढचा पाइप वेगळा केला, तो पंचवीसवर पाच मिनिटं उभा. टाकीची बाजू लावली, परत खाली. मग बहिणीकडून भांडी घासायचं लिक्विड आणि स्प्रेची बाटली घेतली, एक भाग लिक्विड, तीन-चार भाग पाणी, आणि फुगा एका हाताने चालू ठेवून दाजींना जोडांवर मारायला सांगितलं. झाकण, काही नाही. भरायच्या पाइपच्या क्लिपा, काही नाही. सीट उचलून पंपाची रिंग, काही नाही. टाकीतून कॅनिस्टरला येणारा काटकोनातला रबरी एल्बो, वरून मारला, काही नाही, मग खालून मारला तर साबुदाण्यासारखे फुगे यायला लागले, एकामागे एक, थांबेचनात. एल्बो काढून वाकवला तेव्हा नखाएवढी चीर उघडली. सोडला की बंद, बोटालाही लागेना. दोन्ही गॅरेजना दिसला नसेल ह्यात मला नवल वाटत नाही, टॉर्च मारून दिसणारी वस्तू नव्हतीच ती.

साबण मारताना इलेक्ट्रिक कपलरवर मारू नका आणि नंतर पाण्याने पुसून घ्या. टेस्ट झाली की आधी फुग्याचा स्क्रू सोडून प्रेशर हळूच जाऊ द्या, एकदम पाइप ओढू नका, आणि हवेच्या तोंडाचं बूच काढायला विसरू नका. हे बूच आत राहिलं तर चांगल्या गाडीत नवीन प्रॉब्लेम तयार होतो, मी त्याला लाल सुतळी बांधतो आणि सुतळी स्टिअरिंगला अडकवतो.

स्मोक टेस्ट गॅरेजमध्ये

पाणी उतरतंय पण फुगे कुठेच येत नाहीत असं झालं तर जोड टाकीच्या वर आहे, तिथे हात पोचत नाही. मग स्मोक मशीन असलेलं गॅरेज शोधा आणि थेट विचारा, तुमच्याकडे इव्हॅपसाठीचं (म्हणजे ह्याच वाफेच्या सिस्टीमचं) लो प्रेशर स्मोक मशीन आहे का, प्रेशर किती ठेवता. अर्ध्या पीएसआयच्या आसपास सांगितलं आणि हवेऐवजी नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड वापरतो म्हणाले तर निर्धास्त द्या. इंटेकची गळती शोधायला जास्त प्रेशरवर चालवतात ते मशीन तसंच टाकीला लावणार असतील तर नको. धूर भरताना आधी हवेचं तोंड उघडं ठेवून तिथून धूर बाहेर येईपर्यंत थांबायचं, मग ते बंद करायचं, नाहीतर धूर सगळीकडे पोचत नाही आणि गळती नाही म्हणून गाडी परत मिळते. कडेने टॉर्च तिरपी मारली की बारीक धूर पण दिसतो.

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींसाठी

तुमच्याकडे १९९६ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-टू आहे आणि नंतरच्या मॉडेल्समध्ये गळती गाडीच शोधते, त्यामुळे सुरुवात स्वस्तातल्या ब्लूटूथ स्कॅनरने करा. पी०४५५ म्हणजे मोठी गळती, पी०४४२ म्हणजे बारीक, पी०४५६ अगदी बारीक, पी०४५७ म्हणजे बहुतेक झाकण सैल. तुमच्या गाडीत हवेच्या तोंडाला पण इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह असतो, तो एरवी उघडा असतो आणि करंट दिला की बंद होतो, म्हणून बूच मारायच्या ऐवजी स्कॅनरवरून तो बंद करता येतो, काही गाड्यांत. झाकण घट्ट केल्यावर लाइट लगेच जात नाही, काही दिवस चालवायला लागते. टाकी अगदी भरलेली किंवा अगदी रिकामी असताना गाडी ही टेस्ट घेतच नाही, साधारण पाव ते पाऊण ठेवा आणि रात्रभर गार होऊ द्या. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी कोड पुसून जाऊ नका, मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतः घेतलेल्या टेस्टची नोंद, सगळे रिकामे दिसतात आणि परत पाठवतात.

बदलताना

पाइप घेताना फ्युएल होजच घ्या, त्यावर एसएई जे३० आर७ किंवा आर९ असं छापलेलं असतं. बागेचा हिरवा पाइप, वॉशरचा पाइप, आपण टेस्टला वापरली ती पारदर्शक नळी, ह्यातलं काहीही कायमचं बसवू नका, पेट्रोलच्या वाफेने ते दगडासारखं होतं. एल्बोच्या जागी सरळ पाइप वाकवून बसवू नका, वळणावर दबतो आणि वाफ अडते, एल्बो कंपनीचाच मागवा, थांबायला लागलं तरी. चिरेवर टेप किंवा सील लावून आठवडाभर पण काढू नका. क्विक कनेक्टरचा ओरिंग बसवताना स्वच्छ इंजिन ऑइलचा एक थेंब पुरे. पंपाची रिंग उघडली असेल तर ओरिंग नवाच.

बाइक-स्कूटरवाल्यांनो, १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांना हाच कॅनिस्टर आहे, फक्त छोटा, कुठे सीटखाली कुठे फ्लोअरबोर्डच्या आत. गळ्यापर्यंत पेट्रोल भरून उन्हात साइड स्टँडवर लावली की तोच प्रकार होतो. टाकीच्या तोंडात आत जी पट्टी किंवा कडा दिसते तिच्या खाली थांबा.

दाजींच्या गाडीला एल्बो, कॅनिस्टर आणि पर्ज व्हॉल्व्ह असे तीन पार्ट लागले, कॅनिस्टर यायला आठ दिवस गेले. सगळं बसवल्यावर परत तीच नळी लावली, पंचवीसवर आणून ठेवली आणि आत जाऊन चहा घेतला. बाहेर आलो तेव्हा पाणी चोवीसवर होतं. स्क्रू सोडला, स्टिअरिंगची लाल सुतळी बघून बूच काढलं, बॅटरी जोडली आणि गाडी पंपावर नेली. ऑटोकट एक हजार सातशे त्रेसष्टला झाला. पंपावरचा पोरगा म्हणाला, "राउंड फिगर करू का काका?" दाजी म्हणाले, "नको, काढ नोझल."